ओसाड गावांची ओढ आणि तिथली वाळू उपसणारी माणसे

वाळूने अर्धी भरलेली खोली. भिंतींना फिकट निळा रंग, वरच्या बाजूला जुन्या नक्षीची किनार, चौकटीतून सुटत आलेले दार आणि त्या दारातून कोणीतरी ओतावी तशी आत आलेली वाळू. आफ्रिकेतल्या नामिबिया देशातल्या कोलमान्सकोप या ओसाड गावाचे हे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिले असेल. समाजमाध्यमांवर अशा चित्रांना तोटा नाही. चेर्नोबिलजवळचा गंजलेला आकाशपाळणा, जपानच्या समुद्रातले काळवंडलेले बेट, सायप्रसमधली तारेच्या कुंपणाआडची हॉटेले. पाहणारा दचकतो आणि तरी पुढचे चित्र उघडतोच.

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही ही चित्रे मुलांना दाखवली. एकाने लगेच विचारले, "भुताचं गाव आहे का?" दुसऱ्याने विचारले, "एवढी मोठी घरं टाकून माणसं गेली कुठं?" आठवीतली एक मुलगी बराच वेळ त्या वाळूकडे बघत होती. तिची आई कंत्राटी सफाई कामगार आहे. ती म्हणाली, "पण आधी ही वाळू रोज काढायचं कोण?"

ओसाड जागांवर बरेच लिहिले गेले आहे. त्यात हा प्रश्न मात्र आम्हाला क्वचितच भेटला, म्हणून हा लेख.

पण आधी पहिला प्रश्न घेऊ, भुताचा. रिकाम्या जागेची भीती वाटते, पण नजर हटत नाही, हे का होते? सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये या भावनेवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पूर्ण अनोळखी गोष्टीपेक्षा ओळखीची गोष्ट परकी होऊन समोर आली की माणूस जास्त शहारतो. घर हे सर्वांत ओळखीचे. त्याच घरात माणूस नसला, चूल थंड पडली, पलंगावर झाड उगवले, की ते घर असूनही घर राहत नाही. ब्रिटिश लेखक मार्क फिशर यांनी हे आणखी सोपे केले. जिथे काही नसायला हवे तिथे काहीतरी आहे, किंवा जिथे असायला हवे तिथे काहीच नाही, अशा दोन्ही वेळी मनात एकच प्रश्न उठतो: हे कोणी केले? फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोह्न्के या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१६ च्या अभ्यासात निष्कर्ष काढला की, धोका आहे की नाही हे ठरत नाही तेव्हा माणसाला ही शिरशिरी येते. समोर वाघ असला तर आपण पळतो. झुडूप नुसतेच हलले तर मात्र तिथेच थबकून बघत राहतो.

बौद्ध वाचकांना हे वाचताना मज्झिम निकायातले भयभेरव सुत्त आठवेल. बोधी प्राप्त होण्यापूर्वीच्या काळाबद्दल तथागत जाणुस्सोणी ब्राह्मणाला सांगतात, की पक्षातल्या अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री ते मुद्दाम अरण्यातल्या भीतिदायक चैत्यस्थानी जाऊन राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी, आणि मनात येई, आली ती भीती. चालत असताना भीती आली तर ती जाईपर्यंत ते चालतच राहत. बसले असताना आली तर बसून राहत. पळून जायचे नाही आणि मजाही लुटायची नाही. सतिपट्ठान सुत्तात ध्यानासाठी जायच्या तीन जागा सांगितल्या आहेत: अरण्य, झाडाचे मूळ आणि सुञ्ञागार म्हणजे रिकामे घर. म्हणजे रिकाम्या घराची ओढ बौद्ध परंपरेला नवी नाही. फरक एवढाच की भिक्खू तिथे स्वतःच्या मनाकडे बघायला जात असे, आणि आजचा पर्यटक फोटो काढायला जातो.

फोटोच्या आधी ही हौस चित्रकलेत होती. अठराव्या शतकातल्या युरोपात भग्न वास्तूंची चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लागत. ह्यूबेर रोबेर या फ्रेंच चित्रकाराने १७९६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे दालन भविष्यात पडके झाले तर कसे दिसेल, याचेच चित्र काढले. इंग्लंडमधल्या जमीनदारांनी तर बागेत मुद्दाम नव्या पडक्या भिंती बांधून घेतल्या. पदरचे पैसे घालून मोडकी भिंत बांधायची ही हौस, घरकुल योजनेच्या तिसऱ्या हप्त्यासाठी खेटे घालणाऱ्या लोकांसोबत काम करणाऱ्या आम्हाला पचायला जरा जडच जाते. पण त्यातून एक गोष्ट कळते. पडझड ज्याला सुंदर वाटते, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर शाबूत असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे.

कोलमान्सकोप नामिब वाळवंटात, ल्युडेरिट्झ बंदरापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. तेव्हा हा प्रदेश जर्मनीची वसाहत होता. बंदरातून आत जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वाऱ्याने सतत वाळू साचत असे आणि ती फावड्याने उपसायला मजूर ठेवलेले होते. त्यांपैकी एकाचे नाव झकारियास लेवाला. पूर्वी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलेले असल्यामुळे एप्रिल १९०८ मध्ये फावड्याखाली चमकलेला खडा काय आहे हे त्याने ओळखले. त्याने तो आपल्या वरिष्ठाला, ऑगस्ट श्टाउख याला, नेऊन दिला. श्टाउखने त्या परिसरात खोदकामाचे हक्क मिळवले आणि तो गडगंज श्रीमंत झाला. लेवालाला बक्षीससुद्धा मिळाले नाही. त्याच वर्षी जर्मन सरकारने किनाऱ्यालगतचा मोठा पट्टा निषिद्ध क्षेत्र म्हणून जाहीर केला. ज्यांच्या पायाखालची ती जमीन होती, त्यांनाच तिथे पाऊल ठेवायची बंदी झाली.

मग ते गाव उभे राहिले. रुग्णालय, नृत्यगृह, बॉलिंगचा खेळ खेळण्याची जागा, शाळा, बर्फाचा कारखाना. पिण्याचे पाणीही बाहेरून आणावे लागे अशा वाळवंटात घरोघरी बर्फाची लादी पोहोचत असे. रुग्णालयात एक्स-रे यंत्र होते आणि मजुरांनी हिरे गिळले आहेत का हे तपासायलाही ते वापरले जाई. भरभराटीच्या काळात गावात सुमारे ३०० जर्मन प्रौढ, ४० मुले आणि ८०० ओवाम्बो कंत्राटी मजूर होते, असे सांगितले जाते. मजूर उत्तरेकडून घरदार सोडून ठरावीक मुदतीसाठी येत आणि कुंपणाच्या आवारातल्या बराकींत राहत. सुरुवातीच्या काळात हिरे वाळूवरच पडलेले सापडत, तेव्हा मजुरांना ओळीने गुडघ्यांवर रांगत वाळू चाचपायला लावत. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ती मात्र आमच्या मोबाईलवर कधी फिरत आली नाहीत.

त्याही आधीचे एक पान आहे. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा या जमातींचा वंशसंहार केला. ऑक्टोबर १९०४ मध्ये जनरल फॉन ट्रोथा याने हेरेरोंना दिसतील तिथे गोळ्या घालण्याचा लेखी हुकूम काढला होता. वाचलेल्यांना छळछावण्यांत कोंडले. ल्युडेरिट्झ बंदरालगतच्या शार्क आयलंडवर अशी एक छावणी होती. थंडी, उपासमार आणि मारहाणीने तिथे माणसे मोठ्या संख्येने मेली. ज्या रेल्वेमार्गावरची वाळू लेवाला उपसत होता, तो बांधायला याच छावणीतले कैदी जुंपले होते. जर्मनीने मे २०२१ मध्ये हा वंशसंहार होता असे अधिकृतपणे मान्य केले आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देण्याची तयारी दाखवली. हेरेरो आणि नामांच्या अनेक प्रतिनिधींनी, आमच्याशी थेट बोलणी केलीच नाहीत, म्हणून त्यावर हरकत घेतली.

१९२८ नंतर दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ जास्त मोठे हिरे सापडू लागले आणि लोक तिकडे सरकले. १९५६ पर्यंत कोलमान्सकोप रिकामे झाले. आज पर्यटक तिकीट काढून त्या घरांत फिरतात. वाळू उपसणारे हात थांबले की काही वर्षांत घराचे काय होते, हेच ते बघत असतात. निसर्गाने माणसाचा गर्व हरण केला, असे या चित्रांखाली नेहमी लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वाळू पहिल्या दिवसापासून येतच होती. कोणीतरी ती रोज बाहेर काढत होते, म्हणून तेवढी वर्षे ते गाव गाव राहिले. आठवीतल्या मुलीला हे पुस्तक न वाचता कळले, कारण झाडू एक दिवस थांबला की गल्लीचे काय होते हे तिने पाहिलेले आहे.

हाशिमा हे दुसरे उदाहरण. नागासाकीजवळच्या समुद्रातले हे अवघे ६.३ हेक्टरचे बेट. लांबून युद्धनौकेसारखे दिसते म्हणून जपानीत त्याला गुन्कानजिमा म्हणतात. समुद्राच्या तळाखालच्या कोळशासाठी मित्सुबिशी कंपनीने १८९० मध्ये ते विकत घेतले. १९१६ मध्ये तिथे जपानमधली पहिल्या काही सिमेंट-काँक्रीटच्या निवासी इमारतींपैकी एक उभी राहिली आणि १९५९ मध्ये एवढ्याशा जागेत ५,२५९ माणसे राहत होती. आपण चाळी आणि झोपडपट्ट्या पाहिलेली माणसे, तरी हा आकडा वाचून थबकलो. राहण्याची जागा हुद्द्यावर ठरे. खाणीच्या व्यवस्थापकाचे घर बेटाच्या माथ्यावर, आणि साध्या कामगारांच्या खोल्या दाटीच्या, जिथे उजेड कमी आणि लाटांचे पाणी जास्त. हे वाचताना आपल्या गावगाड्याची आठवण येतेच. तिथे पूर्व-पश्चिम होते, इथे वर-खाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या खाणीत कोरियन आणि चिनी लोकांना सक्तीने राबवले गेले. समुद्राच्या तळाखाली शेकडो मीटर खोल, उकाड्यात आणि दमट हवेत. पळून जायला चारी बाजूंनी पाणी. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती. पेट्रोलियमचा जमाना आला, कोळशाची मागणी घटली, आणि जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद होऊन एप्रिलपर्यंत बेट रिकामे झाले. २००९ पासून पर्यटकांच्या बोटी जाऊ लागल्या.

खरा वाद नंतर झाला. जपानच्या औद्योगिक क्रांतीच्या स्थळांमध्ये हाशिमाचा समावेश करून जुलै २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. दक्षिण कोरियाने विरोध केला होता. तेव्हा जपानने जाहीरपणे कबूल केले, की अनेक कोरियन आणि इतर लोकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत काम करायला भाग पाडले गेले, आणि त्यांची आठवण ठेवणारी माहिती दिली जाईल. २०२० मध्ये टोकियोत माहिती केंद्र उघडले, पण तिथल्या मांडणीत हा भाग नीट येत नाही अशी तक्रार झाली. जुलै २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. एका रिकाम्या बेटावरच्या पाटीवर काय लिहावे यावरून दोन देश भांडतात, हे काहींना हास्यास्पद वाटेल. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांचे महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाटणार नाही.

चेर्नोबिलबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९,००० लोकांना बसमध्ये बसवून, तीन दिवसांत परत याल असे सांगून हलवले. तो आकाशपाळणा १ मे रोजी सुरू व्हायचा होता. तिथल्या शाळेतल्या बाहुल्या आणि गॅस मुखवट्यांचे जे अंगावर येणारे फोटो आपण पाहतो, त्यांतले बरेचसे नंतर आलेल्या छायाचित्रकारांनी आणि पर्यटकांनी हाताने मांडलेले आहेत. जे मांडून दाखवता येत नाही ते असे, की अणुभट्टीशेजारच्या छपरावरचा किरणोत्सारी मलबा काढताना यंत्रे बंद पडली, तेव्हा माणसांना हातात फावडी देऊन एक-दोन मिनिटांसाठी वर पाठवले गेले. पुन्हा फावडेच.

आता एक जागा आपल्याकडची. देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, ही एकेकाळची राजधानी आणि नंतर ओसाड पडलेली वास्तू. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे ३० सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते आणि वाटेत या किल्ल्यावर थांबले. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले होते. दरवाज्याबाहेरच्या टाक्यावर त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, अस्पृश्यांनी टाके बाटवले, असे ओरडत आले, गर्दी जमली आणि वातावरण तापले. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर त्यांना आत सोडले आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे.

आम्हाला या प्रसंगाची आठवण अशासाठी होते, की ओसाड जागा म्हणजे काळाने सगळ्यांना समान केलेली जागा, अशी एक समजूत असते. राजा गेला, रंक गेला, राहिल्या भिंती. प्रत्यक्षात राजधानी जाऊन शतके लोटली होती, तोफा गंजल्या होत्या, आणि टाक्यावरची शिवाशिव मात्र ताजी होती. अनित्यता दगडाला लागू पडते तशी जातीलाही लागू पडते, पण आपोआप नाही. समाजशास्त्र शिकताना आम्ही संस्थांच्या चिवटपणावर पुष्कळ पाने लिहिली. दौलताबादच्या टाक्याएवढे चांगले उदाहरण त्यांत नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी ओसाड जागा पाहताना सहज निसटते. मागे काय उरते हेही कोणाची ऐपत काय होती यावर ठरते. उजनीचे पाणी उन्हाळ्यात उतरले की जुन्या पळसदेवचे दगडी मंदिर वर येते आणि लोक फोटो काढायला जमतात. दगड टिकला म्हणून मंदिर दिसते. माती, कूड आणि पाचटाची घरे कधीच विरघळून गेली. धरणात गेलेल्या गावांचे महारवाडे कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाहीत.

अजिंठ्याची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, आणि तितकीच गुंतागुंतीची. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटक राजा हरिषेणाच्या मृत्यूनंतर तिथले काम थांबले आणि हळूहळू लेणी ओस पडली. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने तिथल्या चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. पाठ्यपुस्तकांत याला अजिंठ्याचा शोध म्हणतात. आसपासच्या लोकांना ती लेणी आधीपासून माहीत होती, पण त्यांचे माहीत असणे शोधात धरत नाहीत. लेवालाचा हिरा जसा श्टाउखने शोधला, तसेच हे.

पण याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर आणखी एक नाव आहे, स्मिथच्या दोन हजार वर्षे आधीचे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे घरमुख दान दिले, असे ब्राह्मी लिपीत कोरले आहे. आधी आईच्या गोत्रावरून ओळख, मग स्वतःचे नाव, मग दान. कार्ल्याला सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आणि सुताराचे नाव आहे. कान्हेरीला भिक्खुणींची नावे आहेत. ज्यांनी दगड फोडला त्या सर्वांची नावे तिथेही नाहीत, हे कबूल केले पाहिजे. तरी एका सुताराचे नाव जिथे राजांच्या शेजारी वाचता येते, अशा ओसाड जागा जगात फार नाहीत, आणि त्यातल्या कित्येक आपल्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणून येत्या सुट्टीत अभ्यासिकेतल्या मुलांना अजिंठ्याला न्यायचे ठरवले आहे. दहाव्या लेण्यात त्यांना दोन्ही नावे दाखवू. स्मिथची सही शोधायला मान वर करावी लागते, कारण तो आला तेव्हा लेण्यात मलबा साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. तो मलबा नंतर कोणीतरी उपसला, म्हणून आज आपण खालच्या जमिनीवर उभे राहू शकतो. आपल्या भागातून जे जाणार असतील त्यांच्यासाठी एक सूचना: अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा वार पाहून निघा.